रिकामी आहे, धर

ता. ११ जानेवारी, शनिवार

पोराच्या पायाला गोळी लागली. बँकेत, ड्यूटीवर. त्याच्याच हातातल्या बंदुकीची.

जिवावरचं पायावर निभावलं — आल्यागेल्याच्या तोंडी तेच वाक्य. मला ते ऐकवत नाही. पाय काय जिवाला सोडून असतो?

सूनबाई इस्पितळात थांबली आहे. मला घरी धाडलं. म्हणाली, इथे बसलात तर आणखी एक खाट लागेल. बरोबरच आहे तिचं. अक्षर काय आलंय हे! जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, ओळ कधी वाकडी गेली नाही. आज साधी रेघ सरळ येत नाही.

ता. १२, रविवार

पाहून आलो. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. छर्रे काढले, फरशीचे तुकडे काढले, बुटाचं कातडंही काढलं. डॉक्टर एकेक जिन्नस सांगत होते आणि सूनबाई मान हलवत होती, जणू धोब्याकडून कपडे मोजून घेते आहे. बाहेर आल्यावर भिंतीला टेकली. मग कळलं की काहीच तिच्या कानात शिरत नव्हतं.

पोरगा औषधाच्या गुंगीत. डोळे मिटलेले. मधेच म्हणाला, “काका म्हणाले, रिकामी आहे.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

त्याच्या बँकेत काका एकच. ध्रुपद्या.

शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. कवितेच्या तासाला गुरुजी एकेकाला उभं करायचे. याला दुसरं कडवं कधी आठवलं नाही! अडला की डोळे मिटून पुन्हा ध्रुपदावर, सुरुवातीच्या ओळींवर, यायचा, आणि तेही इतक्या झोकात की गुरुजी हसून त्याला खाली बसवायचे. तेव्हापासून तो ध्रुपद्या. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही, देव जाणे. मी छापखान्यात शिरलो, तो फौजेत गेला, परत आला आणि बँकेच्या दाराशी दुनळी बंदूक घेऊन बसला. वय उलटलं तरी एजन्सी त्याला सोडत नाही. माझ्या पोराला चिकटवला तोही त्यानेच. म्हणाला होता, माझ्या नजरेखाली राहील.

अजून इस्पितळात फिरकलेला नाही.

ता. १३, सोमवार

पोरगा आज शुद्धीत. सगळं सांगितलं, तुटक तुटक.

बँकेच्या मागच्या अंगाला, जनरेटरशेजारी, पहारेकऱ्यांची खोली आहे. खोली कसली, कोनाडाच. एक लोखंडी कपाट, एक स्टूल, भिंतीला खुंटी. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात बंदूक द्यायची. द्यायच्या आधी दोन्ही नळ्यांतली काडतुसं काढायची. ती वेगळी द्यायची. असा रिवाज.

ध्रुपद्याने बंदूक पुढे केली. म्हणाला, रिकामी आहे, धर. स्टुलावर दोन काडतुसं दिसत होती. नळ्या दोन, काडतुसं दोन. झालं! पोराने बंदूक घेतली, नळी फरशीकडे केली आणि चाप ओढला. आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून सगळेच असा ओढतात म्हणे. एरवी ‘खट्’ वाजतं.

मी म्हटलं, अरे, उघडून का नाही पाहिलीस?

मी काहीतरी अभद्र बोललो अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. “काकांसमोर?”

एवढंच बोलला. नर्स आली, पडदा ओढला.

ता. १४, मंगळवार

‘काकांसमोर?’ — दिवसभर कानात तेच.

म्हणजे असं आहे तर. नवख्याने दिलेली बंदूक उघडून बघायची. मोठ्याने दिलेली नाही. मोठा माणूस ‘रिकामी आहे’ म्हणाल्यावर त्याच्या देखत उघडणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. एकजण उघडायचा म्हणे दर वेळी. त्याचं नाव सगळ्यांनी इन्स्पेक्टर ठेवलं. ‘या इन्स्पेक्टर, घ्या झडती!’ शेवटी त्यानेही सोडून दिलं.

बंदूक उघडायला लागतं किती? चष्म्याचं घर उघडावं तशी मधोमध मोडते, की दोन्ही भोकं समोर! तेवढं जड गेलं या लोकांना.

छापखान्यात मी जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ दुसराच वाचायचा. आमचा फोरमन म्हणायचा, स्वतःचं प्रूफ स्वतः वाचणारा गाढव, आणि त्याला वाचू देणारा दुप्पट गाढव. आपण लिहिलेलं आपल्याला नीटच दिसतं. डोळा चूक झाकून घेतो. प्रूफ वाचणारा पोरसवदा होता, मी पिकलेला. माझ्या पानावर लाल खुणा करायचा. अपमान कसला? खुणा नाही केल्या तर चिंता वाटायची, वाचलं की नाही याने!

हे पोराला कधी सांगितलं नाही. सुचलंच नाही. बंदूक आणि खिळे यांचा काय संबंध!

ता. १६, गुरुवार

एजन्सीचे साहेब इस्पितळात आले. सोबत लिहून आणलेला मजकूर. साफसफाई करताना बंदूक आपोआप सुटली, असं लिहिलेलं. पोराने फक्त सही करायची.

सूनबाई डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, “साहेब, दूधसुद्धा आपोआप उतू जात नाही. कुणीतरी गॅस चालू ठेवलेला असतो.”

साहेब हसले. मग हसणं आवरून म्हणाले, बरं, तुम्हीच सांगा, कुणी चालू ठेवला? आमच्या सीनियरला विचारलं. तो म्हणतो, मी बंदूक स्टुलाशी टेकवली आणि हात धुवायला गेलो. पोराला मी काहीच बोललो नाही.

काहीच बोललो नाही!

सूनबाई पोराकडे वळली. मीही. पोराने भिंतीकडे तोंड केलं. साहेब म्हणाले, मग तुमचा मुलगाच निष्काळजी ठरतो. पुन्हा हत्याराच्या ड्यूटीवर घेता येणार नाही. कुठल्याच एजन्सीत.

साहेब गेल्यावर सूनबाईने डब्याचं झाकण इतकं जोरात लावलं की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. “तुमच्या काकांना वाचवताय? दोन बोटं त्यांच्यावरून ओवाळून टाकलीत, आता नोकरीही टाका!”

पोरगा म्हणाला, त्यांचं या वयात काय राहील?

सही केली नाही. खरंही सांगितलं नाही.

ता. १७, शुक्रवार

झोप नाही. लिहावंसंही वाटत नाही.

ता. १९, रविवार

ध्रुपद्याकडे जाऊन आलो. राहवलं नाही.

वहिनींनी दार उघडलं. डोळे सुजलेले. हलक्या आवाजात म्हणाल्या, तुम्हीच बघा, नीट जेवत नाहीत, बोलत नाहीत. मागच्या ओट्यावर बसलेत.

ओट्यावर बसून बुटाला पॉलिश करत होता. बूट आधीच आरशासारखा. मला पाहून ब्रश थांबला नाही.

मी पोराची तब्येत सांगितली. विचारली नव्हती तरी सांगितली. मग म्हटलं, तू बोललास की नाही ते एकदा मला सांग.

“मी काही बोललोच नाही.”

मी म्हटलं, त्याने ऐकलं.

“मी काही बोललोच नाही रे.”

म्हटलं, पुन्हा ध्रुपदावर आलास!

तोंडून निघून गेलं. सगळं आयुष्य ज्या नावाने हसलो ते नाव त्याच्या तोंडावर मारलं. त्याचा ब्रश थांबला. मी उठून आलो. वहिनी चहा घेऊन येत होत्या. तसाच त्यांच्या बाजूने निघून आलो.

येताना शाळेवरून आलो. बंद होती, रविवार. खिडकीतून आमचा वर्ग दिसतो. फळा बदलला, बाकं बदलली, खिडकीतून पडणारं ऊन मात्र तसंच तिरकं. गुरुजींनी स्वतः रचलेली एक कविता होती, दोन मित्रांवर. पुस्तकात नव्हती, त्यांच्या वहीत होती. आम्ही दोघे मिळून ती म्हणायचो, तो ध्रुपद, मी कडवी —

मित्र म्हणे ते मोजू नये,
शब्द दिला तो तोलू नये.

किती गोड चाल होती! आज म्हणून पाहिली. अर्ध्यात सोडून दिली.

ता. २२, बुधवार

पोराला घरी आणलं. कुबड्या. उंबऱ्याशी अडला तेव्हा मी हात दिला, तर म्हणाला, बाबा, तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर दोघं पडू. हसलो तिघेही. बऱ्याच दिवसांनी.

ता. २५, शनिवार

आज एक बाई आल्या. पोलिसात होत्या, आता एजन्सीच्या पहारेकऱ्यांना बंदूक शिकवतात. सगळे त्यांना ट्रेनरबाई म्हणतात. आवाज बारीक, केस कापलेले, पायात साध्या चपला. मला वाटलं होतं, कुणी दणकट येईल.

साहेबांसारखं काही लिहून आणलं नव्हतं. पोराला म्हणाल्या, “कोण चुकलं ते मला नको. बार होण्याआधी काय काय झालं ते सांग. अगदी फालतू वाटेल तेही.”

आणि खरोखर फालतू विचारत बसल्या. स्टूल कुठल्या बाजूला होतं. काडतुसं उभी होती की आडवी. उजेड कुठून होता. बाहेर कोण बोलत होतं. पोरगा काकांचं नाव टाळून टाळून सांगत होता. त्यांनीही ते नाव विचारलं नाही. मग एकदम —

“स्टुलावर दोन होती ना? पण नळ्यांतही दोन निघाली. एक फुटलेलं, एक भरलेलं. म्हणजे चार झाली. ही जास्तीची दोन कुठून आली?”

पोरगा बोटांवर मोजू लागला. त्याला हे सुचलंच नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं!

बाई म्हणाल्या, ते फक्त जाणाऱ्या पाळीचा माणूस सांगू शकेल. तो सांगेपर्यंत मला कळणार नाही आणि दुसऱ्या शाखेत हेच पुन्हा होईल. “तेव्हा नुसत्या पायावर निभावणार नाही. आणि मग तुमच्या मुलाची दोन बोटं फुकट गेली असं होईल.”

सूनबाईने त्यांना चहा दिला. एवढे दिवस आलेल्यांत पहिल्यांदाच कुणाला बसा म्हणाली, आणखी घ्या म्हणाली.

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. तुम्ही त्यांचे मित्र ना? त्यांना सांगा, मी शिक्षा द्यायला आलेली नाही. माझ्याही हातून एकदा पिस्तूल सुटलं आहे, छतात गेली गोळी. मी ते लपवलं. पुढच्याच वर्षी माझ्या बरोबरीच्या एकाने तसंच केलं — त्याच्या खोलीच्या वर माणसं राहत होती.

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

ता. २७, सोमवार

जायचं की नाही? सूनबाई म्हणते, तुम्ही कशाला पायरी चढता, ज्याचं त्याने बघावं. पोरगा म्हणतो, काकांना त्रास देऊ नका. मी दोघांनाही हो म्हणतो.

ता. ३०, गुरुवार

नाही गेलो. शाळेवरून चक्कर मारून आलो.

ता. १ फेब्रुवारी, शनिवार

तोच आला. दारात उभा. सूनबाईने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेली. मी चप्पल घातली. घरात बोलणं शक्य नव्हतं.

कालव्याच्या रस्त्याने चालत राहिलो. लहानपणी याच रस्त्याने पाठांतर करत जायचो. मग तो आपणहून बोलला, माझ्याकडे न बघता.

पाळी संपत आली म्हणून त्याने काडतुसं काढून स्टुलावर ठेवली होती. इतक्यात रोकड घेऊन गाडी आली, उशिरा. रोकड उतरताना बंदूक भरलेली पाहिजे. धावपळीत त्याने कमरेच्या पट्ट्यातली दुसरी दोन भरली. दारात उभा राहिला. पेट्या आत गेल्या, गाडीच्या ड्रायव्हरने काहीतरी विनोद केला, दोघे हसले. तो परत खोलीत आला. स्टुलावर दोन काडतुसं!

“मी डोळ्यांनी पाहिली रे. दोन. म्हणजे काढलीच ना? मी खोटं नाही बोललो त्याला. मला रिकामीच वाटली. शपथेवर वाटली.”

मी म्हटलं, मग साहेबांना का खोटं बोललास?

तर म्हणाला, बार झाला आणि पोर खाली बसलं. माझ्याकडे बघत होतं. रडत नव्हतं. ‘काका, तुम्ही म्हणालात’ — असंही म्हणालं नाही. नुसतं बघत होतं. ते बघणं मला सोसलं नाही. कुणी विचारलं तेव्हा तोंडातून ‘नाही’ निघालं. एकदा निघाल्यावर मग तेच तेच.

चालताना त्याची छडी दगडांवर वाजत होती. मी ट्रेनरबाईंचा निरोप सांगितला. त्याने मान हलवली — नाही. ज्यांना बंदूक धरायला मी शिकवलं त्यांच्यापुढे उभा राहून सांगू? त्यापेक्षा उद्यापासून घरी बसतो.

मी म्हटलं, घरी बस. पण मग पोरगा निष्काळजी ठरतो.

त्याला ठाऊक नव्हतं! साहेबांनी पोराबद्दल काय ठरवलंय ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही त्या दिवशी ओट्यावर सांगितलं नव्हतं — रागात निघून आलो होतो. रस्त्यात मधोमध उभा राहिला. मागून सायकलवाला ओरडला, आजोबा, बाजूला!

ता. २, रविवार

त्याचा पत्ता नाही. वहिनींचा फोन — सकाळीच कुठे बाहेर गेलेत, तुमच्याकडे आलेत का?

ता. ३, सोमवार

ट्रेनरबाईंच्या घरी गेला होता म्हणे. दिवसभर बसून होता तिथे.

ता. ८, शनिवार

एजन्सीच्या हॉलमध्ये सगळ्या शाखांचे पहारेकरी. पत्र्याच्या खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर नियमांचा बोर्ड, त्यावर धूळ. पोराला न्यायचं म्हणून मी गेलो. सूनबाई आली नाही. तिला त्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं.

ध्रुपद्या उठला. इस्त्रीचा गणवेश. शाळेत उभा राहायचा तसाच उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. मला उगाच धडकी भरली, अडतो की काय!

अडला नाही. गाडी, पट्टा, स्टूल, ड्रायव्हरचा विनोद, सगळं ओळीने सांगितलं. “मीच म्हणालो, रिकामी आहे, धर. साहेबांना नाही म्हणालो ते खोटं. पोराने ऐकलं ते खरं.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक जाडजूड पहारेकरी उठला. म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडूनही भरलेली दिली गेली, घेणाऱ्याने खुंटीला लावली म्हणून निभावलं, मी सकाळी जाऊन गुपचूप काढून घेतली. तो बसतो न बसतो तोच दुसरा उठला. मग तिसरा, तो इन्स्पेक्टर. म्हणाला, मी उघडायचो तेव्हा एकदा भरलेली सापडली होती. कुणाची ते सांगणार नाही. सापडल्यावर त्या माणसाने मला शिव्या घातल्या.

साहेब घड्याळ बघू लागले. बाईंनी त्यांना नजरेने बसवलं.

मग नवी रीत ठरली. बंदूक मिटलेली हातात द्यायचीच नाही — उघडी द्यायची. देणाऱ्याने बघायचं, घेणाऱ्याने बघायचं, बोट घालून बघायचं. काढलेली काडतुसं स्टुलावर नाही, थेट घेणाऱ्याच्या मुठीत. नळीचं तोंड कायम वाळूच्या बादलीकडे, बंदूक रिकामी असली तरी. बाई म्हणाल्या, “मी दिली तरी उघडा. मी आईची शपथ घेतली तरी उघडा. ज्याच्यावर जास्त भरवसा, त्याची आधी उघडा.”

माझ्या मनात गुरुजींच्या कवितेच्या त्या दोन ओळी. पहिल्यांदाच वाटलं, गुरुजींच्या हातात कधी बंदूक नव्हती.

पोराचं नाव निष्काळजीतून निघालं. ध्रुपद्याची ड्यूटी गेली. एजन्सीने त्याला ठेवलं, पण हत्याराविना. त्याने कबूल केलं.

बाहेर पडताना पोराने कुबडी बगलेत घट्ट धरली आणि दुसरा हात पुढे केला. ध्रुपद्याला तो धरावा की नाही कळेना. शेवटी दोन्ही हातांनी धरला.

ता. १२, बुधवार

सूनबाईला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, बरं झालं. मग थोड्या वेळाने — पण बोटं काही परत येत नाहीत.

खरं आहे. यावर कुठलं कडवं नाही.

ता. २०, गुरुवार

पट्टी सुटली. पाय पाहिला. आता सवय करायची. पोरगा कुबडीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि परत आला, चेहरा घामाने डबडबलेला. म्हणाला, डावीकडे झुकतो बाबा, तुमच्या जुन्या सायकलसारखा.

बंदूक पुन्हा धरायची नाही असं सूनबाईने निक्षून सांगितलं. त्याने वाद घातला नाही. ट्रेनरबाईंनी त्याला बोलावलंय — एकेका शाखेत जाऊन आपलं सांगायचं, आणि सरावाच्या बंदुकीवर दाखवायचं. ती बंदूक बिनधोक, आतून नळ्या बुजवलेल्या. काडतुसंही लाल प्लास्टिकची, दारू नसलेली. जोडीला ध्रुपद्या. देणारा तो, घेणारा हा.

सूनबाई म्हणाली, मी येऊन बघणार. मगच हो म्हणेन.

ता. २६, बुधवार

हल्ली मी सगळ्यांना शिकवत सुटलोय! शेजारच्या प्राध्यापकांना सांगितलं, बाजूच्या औषधवाल्याला सांगितलं. एवढी साधी गोष्ट — उघडून बघणं — आणि एवढ्या शिकलेल्या-सवरलेल्या, फौजेतून आलेल्या माणसांना जमली नाही. औषधवाला म्हणाला, आजोबा, आम्हीसुद्धा बाटलीवरचं नाव दोनदा वाचतो. बघ, म्हटलं, तुला कळतं! आम्हा छापखान्यातल्यांना हे शिकवावं लागत नाही. रक्तातच असतं.

ध्रुपद्यावरचा राग गेला का? जेवताना नाही, चालताना नाही. पण पोरगा जिना उतरताना एक पाय आधी टेकवतो आणि क्षणभर थांबतो, तेव्हा राग परत येतो. मी असतो त्या खोलीत तर — असं मनात येतं.

ता. ५ मार्च, बुधवार

ध्रुपद्या येऊन बसला होता संध्याकाळी. सूनबाईने त्याला चहा दिला. कप त्याच्या हातात नाही दिला, टेबलावर ठेवला. पण दिला.

शनिवारी पहिली शाखा.

ता. ८, शनिवार

आताच आलो. थोडक्यात लिहितो.

पहारेकऱ्यांची छोटी खोली, दोन रांगा. पुढच्या रांगेत बाजूला सूनबाई. मी मागच्या रांगेत, तिच्या मागे. पोरगा उभा राहून सांगत होता, छान सांगत होता. ध्रुपद्या सरावाची बंदूक हातात घेऊन माझ्याशेजारी उभा. मधेच वाकून म्हणाला, जरा चष्मा पुसतो, रिकामी आहे, धर.

मी धरली. मांडीवर ठेवली आणि पोराचं ऐकत बसलो.

एकदम सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पोरगा बोलायचा थांबून, एक पाय टाकत टाकत माझ्यापर्यंत आला. माझं बोट त्याने हळूच बाजूला केलं — ते चापावर होतं. मग बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांत लाल काडतुसं.

बंदुकीचं तोंड इतका वेळ सूनबाईच्या पाठीकडे होतं.